श्वास कोणाच्या हाती?

मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावर स्कूबाची तयारी चालू असते तेव्हा सिलिंडरच्या माथ्यावर बसवलेल्या रेग्युलेटरमधून साधारणपणे चार नळ्या निघालेल्या दिसतात. उजव्या खांद्यावरून तोंडाकडे जाणारी एक, बहुधा पिवळ्या रंगाची दुसरी, डावीकडून जाकिटात हवा भरणारी तिसरी आणि दाबमापकाची चौथी. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हा नुसता गुंता वाटतो. पण या नळ्यांची संख्या, त्यांची जागा आणि त्यांचे आटे यांत पाणबुड्यांचा जवळजवळ दोनशे वर्षांचा अनुभव साठलेला आहे. तो अनुभव एकाच प्रश्नाभोवती फिरतो: पाण्याखालच्या माणसाचा श्वास कोणाच्या हाती असावा?

सुरुवातीला तो होडीवर उभ्या असलेल्या माणसांच्या हाती होता. ऑगस्टस सीब या मूळच्या जर्मन कारागिराने 1830 च्या दशकात लंडनमध्ये धातूचे शिरस्त्राण आणि अंगभर पोशाख एकमेकांना जोडले. 1782 मध्ये स्पिटहेडला बुडालेल्या ‘रॉयल जॉर्ज’ या युद्धनौकेचे अवशेष हटवताना ब्रिटिश लष्कराच्या इंजिनिअरांनी तो पोशाख वापरला. वरचे लोक हातपंप चालवीत, तोवर खालचा जिवंत. नळी वरच्या अंगाला फुटली तर नुसती हवा बंद होत नसे. शिरस्त्राणातला दाब क्षणात उतरे आणि भोवतालचे पाणी माणसाला त्या टोपात चेपून टाकी. म्हणून नळी शिरस्त्राणाला जुळते तिथे हवा फक्त आत सोडणारी झडप बसवावी लागली. पुढे 1860 च्या दशकात रुकेरोल हा खाण अभियंता आणि देनेरूझ हा नौदल अधिकारी या दोघा फ्रेंचांनी पाठीवर हवेची टाकी दिली आणि श्वास ओढला तरच हवा सोडणारी झडप बनवली. टाकीला वरून नळी येतच होती, पण ती थोडा वेळ सोडता येई. ज्यूल व्हर्नने कादंबरीतल्या कॅप्टन निमोला हेच यंत्र दिले आणि नळी मात्र कायमची काढून टाकली. खरा अडसर कुठे आहे, हे कादंबरीकाराने अचूक हेरले होते.

यावर कोणी म्हणेल, की नळी ही मुकी वस्तू. क्रांती केली ती झडपेने. 1943 मध्ये कूस्तो आणि गान्यां यांनी फ्रान्समध्ये केलेले, वरच्या नळीशिवाय चालणारे यंत्र त्याला पुरावा म्हणून दाखवता येईल. परंतु तोच पुरावा उलटही बोलतो. मार्न नदीतल्या पहिल्या चाचणीत झडप ठीक असूनही उभे राहिले की हवा वाया जाई आणि डोके खाली केले की श्वास मिळेना, कारण उच्छ्वास बाहेर पडण्याची जागा आणि हवा देणारी झडप वेगवेगळ्या खोलीवर होत्या. उच्छ्वास नळीने पुन्हा पाठीवर, झडपेशेजारी आणून सोडला तेव्हा यंत्र सुधारले. दोन नळ्यांचा तो जुना रेग्युलेटर असा जन्मला. तरीही झडप पाठीवर आणि तोंड पुढे, ही अडचण उरलीच. ऑस्ट्रेलियातील टेड एल्ड्रेडने 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला ‘पॉरपॉइस’ रेग्युलेटरमध्ये झडपेचे दोन टप्पे केले, एक सिलिंडरवर आणि एक तोंडाशी. मधे उरली एकच बारीक नळी. आजची जोडणी या मांडणीवर उभी आहे.

मात्र त्या बारीक नळीत भोवतालच्या पाण्याहून नऊ-दहा बार अधिक दाब आला, आणि दाबमापकाच्या नळीत तर सिलिंडरचा पूर्ण, 200 बार किंवा त्याहूनही जास्त. अनेक जुन्या रेग्युलेटरांत दोन्ही छिद्रांचे आटे एकाच मापाचे असत. चुकून कमी दाबाची नळी जास्त दाबाच्या छिद्रात बसली तर ती फुटणारच. आता कमी दाबाला 3/8 इंच आणि जास्त दाबाला 7/16 इंच आटे असतात. नीट शिकवले तर माणूस चुकणार नाही, मग एवढा खटाटोप कशाला, हा आक्षेप वरवर पटतो. पण शिकवण थकव्यात आणि घाईत विसरली जाते, आटा विसरत नाही. हवा अडवण्याचे काम रबरी ओ-रिंग करते, म्हणून पान्याने जोर लावून काही साधत नाही. उलट आटेच जातात. सांधा पक्का करण्यासाठी ताकद नव्हे, स्वच्छ आणि धड ओ-रिंग लागते.

राहिली हवा संपलेल्या जोडीदारासाठी ठेवलेली पिवळी नळी. स्कूबा या नावातच स्वयंपूर्णता आहे. मग दुसऱ्यासाठी नळी कशाला? स्वतंत्र छोटा सिलिंडर बाळगून एकट्याने उतरणारे पाणबुडे हा प्रश्न विचारतात, आणि त्यांच्यापुरता तो रास्तही आहे. परंतु जोडीने उतरणाऱ्यांचा अनुभव निराळा आहे. पूर्वी हवा संपलेल्याला एकाच तोंडणीतून आळीपाळीने श्वास घ्यावा लागे, आणि घाबरलेल्या माणसाला पाळी कळत नाही. फ्लोरिडाच्या पाण्याखालच्या गुहांत तर अरुंद वाटेतून एकामागोमाग एकच जाता येते, म्हणून तिथल्या पाणबुड्यांनी सुमारे दोन मीटर लांबीची नळी स्वीकारली. होडीशी बांधलेली नळी माणसाला जखडत होती, म्हणून ती तोडणे बरोबर होते. ही दुसरी नळी कोणालाच जखडत नाही. ती गरज पडेल तेव्हाच पुढे करायची असते. श्वास आज पाणबुड्याच्या स्वतःच्या हाती आहे, आणि शेजारच्याला देता येईल इतका मोकळाही.