मराठी विज्ञान परिषद आणि स्वतंत्र विज्ञानकथेची वाटचाल

1973 मध्ये यवतमाळला ग. दि. माडगूळकरांच्या अध्यक्षतेखाली 49 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा विज्ञानकथेला साहित्याच्या पंगतीत पान नव्हते. रहस्यकथा, भयकथा, विज्ञानकथा म्हणजे प्रवासात वाचायची पुस्तके, त्यातही बाहेरून उचललेली, असा सर्वसाधारण समज होता. तो अगदीच निराधार नव्हता. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर ‘केरळ कोकिळ’ मासिकाने ज्यूल व्हर्नची चंद्रसफर मराठीत आणली. पुढे भा. रा. भागवतांनी व्हर्न मुलांच्या हाती दिला. नारायण धारपांच्या ‘लुचाई’मागे स्टीफन किंगची ‘सेलम्स लॉट’ उभी आहे. मूळ लेखकाचे नाव न छापता केलेली रूपांतरेही त्या काळी सर्रास खपत. नाव दडवणे गैरच. पण या लेखकांनी मराठी वाचकाला अद्भुताची गोडी लावली, हे ऋण मान्य केलेच पाहिजे.

स्वतंत्र विज्ञानकथेला हक्काची जागा दिली ती मात्र साहित्यसंस्थेने नव्हे, विज्ञानाच्या संस्थेने. म. ना. गोगटे यांच्या पुढाकाराने 1966 मध्ये मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. मराठीतून विज्ञान सांगायचे, हा तिचा हेतू. थोड्याच वर्षांत तिने विज्ञानकथांची स्पर्धा सुरू केली. 1974 मध्ये या स्पर्धेत नारायण विनायक जगताप या नावाने ‘कृष्णविवर’ ही कथा आली आणि तिला पहिले बक्षीस मिळाले. लेखक होते जयंत विष्णु नारळीकर. आद्याक्षरे उलटी फिरवून त्यांनी टोपणनाव घेतले होते. जगविख्यात शास्त्रज्ञाच्या नावाचे वजन परीक्षकांवर पडू नये, एवढ्यासाठी.

पुढच्याच वर्षी कराडच्या संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवत यांनी नारळीकरांच्या विज्ञानकथांची दखल घेतली. यवतमाळनंतर दोनच वर्षांनी!

नारळीकरांनीही बाहेरून काही घेतले होतेच. केंब्रिजमधले त्यांचे गुरू फ्रेड हॉईल कादंबऱ्या लिहीत. ‘द ब्लॅक क्लाउड’ 1957 ची. शास्त्रज्ञाने स्वतःच्या विषयातून कथा रचावी, ही वहिवाट त्यांनी हॉईलकडून उचलली, कथानक नव्हे. अनुकरण आणि परंपरा यांतला फरक माझ्या मते इथे आहे.

‘उजव्या सोंडेचा गणपती’ या कथेजवळ थोडे थांबायला हवे. माणूस वेगळ्या मितीतून फिरून परत येतो आणि त्याचे डावे-उजवे बदलते, ही कल्पना एच. जी. वेल्सने 1896 मध्येच ‘द प्लॅटनर स्टोरी’त वापरली होती. कल्पनेची मालकीच पाहायची, तर नारळीकरांची कथा तिथेच बाद होते. पण त्यांनी ती मोबियसच्या पट्टीवरून फिरवून क्रिकेटच्या मैदानावर आणि गणपतीच्या मूर्तीपर्यंत आणली. उजव्या सोंडेचा गणपती कडक, त्याचे सोवळे-ओवळे नीट पाळावे लागते, हे ज्या घरात लहानपणापासून कानावर पडते, त्या घरालाच सोंडेची दिशा बदलल्याचा हादरा कळतो. वेल्सला ही कथा लिहिताच आली नसती. भूमिती जगाची, हादरा आपला. मी तिला बेधडक स्वतंत्र कथा म्हणतो.

पुढे लक्ष्मण लोंढे, बाळ फोंडके, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर, शुभदा गोगटे यांनी ही वाट रुंद केली. लोंढ्यांची ‘दुसरा आइन्स्टाइन’ तर जेम्स गन यांनी जगभरच्या विज्ञानकथांच्या संग्रहात घेतली. उसने आणणारी भाषा आता देणारी झाली. 2019 मध्ये यवतमाळला अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली 92 वे संमेलन झाले आणि त्यानंतरच्या दुसऱ्या, 2021 च्या नाशिक संमेलनाचे अध्यक्षपद खुद्द नारळीकरांकडे गेले.

या वाटचालीत आमचा यवतमाळ जिल्हा यजमान म्हणून दोनदा दिसतो. तो कथेत दिसायला हवा, ही माझी तळमळ आहे. कपाशीवरची गुलाबी बोंडअळी घ्या. बोंड बाहेरून धडधाकट, आत अळी सरकी पोखरत असते. पऱ्हाटीवर डोमकळ्या, म्हणजे अळीमुळे न उमललेल्या कळ्या, दिसल्या की शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. त्या अळीला रोखण्यासाठी आणलेल्या बीटी वाणाला ती पचवून बसली. 2017 च्या हंगामात कीटकनाशकांच्या फवारणीतून झालेल्या विषबाधेने या जिल्ह्यात 20 हून अधिक शेतकरी-मजूर दगावले. शेतात कामगंध सापळे लागतात, मादीच्या गंधाची नक्कल करून नर पतंगाला ओढणारे. आणि 2018 मध्ये राळेगाव-पांढरकवडा भागात अवनी वाघिणीला गाठण्यासाठी चक्क परदेशी अत्तर वापरले गेले. जनुके, विषे, गंध, वन्यजीव: विज्ञानकथेला आणखी काय लागते? तरीही आपली पोरे कथा लिहायला बसली की परग्रहावरचे यान न्यूयॉर्कवर उतरवतात.

यवतमाळ, वणी, पुसद, दारव्ह्याच्या शिक्षकांना आणि कृषी महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. वेल्स वाचा, नारळीकर वाचा, घ्यायचे ते उघडपणे घ्या आणि कुणाकडून घेतले ते सांगा. पण कथा पऱ्हाटीच्या तासात उभे राहून लिहा, तिथलीच बोली पात्रांच्या तोंडी ठेवा आणि ती परिषदेच्या स्पर्धेला पाठवा.