तळटीप : हिंजवडीच्या टेकड्या

मूळ मजकुरात हिंजवडीभोवतीच्या टेकड्यांना ‘विझलेले ज्वालामुखी’ म्हटले आहे. ते मान्य करता येत नाही. दगड लाव्ह्याचाच, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा काळा बसाल्ट, हे खरे; पण तो जमिनीच्या लांबच लांब भेगांतून वाहत येऊन थरावर थर साचला. ज्वालामुखीच्या शंकूत थर मुखापासून बाहेर उतरत जातात, इथे ते जवळजवळ आडवे आहेत. निमुळता माथा दिसतो हा आक्षेप टिकत नाही, कारण वरचा कठीण थर झिजला की टेकडी निमुळती होतेच. दख्खनच्या कातळात दोन थरांमध्ये कुठे कुठे तांबडा, मातकट पट्टा आढळतो, तो जरूर निरखावा : पहिला लाव्हा निवून, कुजून तो तयार झाला आणि त्यानंतरच पुढचा थर त्यावर पसरला.