ठाणे जिल्ह्यातील कृषी व्यवसाय शिक्षण : प्रशासकीय अडचणींचा ऐतिहासिक मागोवा

मुंबई इलाख्यात मराठीतून शेतकीचे शिक्षण देण्याचा प्रयोग जुना आहे. पुण्याजवळील लोणीची शेतकी शाळा हा त्याचा नमुना मानला जाई. १९२६ मध्ये नेमलेल्या शाही कृषी आयोगाने मात्र सर्वसाधारण शाळेतच शेती हा विषय शिकविण्याच्या पंजाबी पद्धतीस पसंती दिली. शेतकी शिकलेला मुलगा शेतावर जातो की कचेरीत, हा प्रश्न या शिक्षणाच्या पाठीशी प्रारंभापासूनच लागलेला दिसतो.

ठाणे जिल्ह्यात तो अधिक बिकट झाला. जिल्ह्याच्या दक्षिण भागात ठाणे, कल्याण, डोंबिवली येथील भातखाचरांवर कारखाने व वसाहती उभ्या राहिल्या. १९८३ मध्ये कल्याण-डोंबिवली महानगरपालिका अस्तित्वात आली. शेतच बिनशेती झाल्यावर प्रात्यक्षिकाची जमीन आणि विद्यार्थी या दोहोंची वानवा ओघानेच आली.

उत्तरेकडील, २०१४ पासून पालघर जिल्ह्यात समाविष्ट झालेल्या, डहाणू तालुक्याची स्थिती निराळी होती. तेथे जमीन होती. पण ती कसणाऱ्या वारल्यांपैकी बहुसंख्यांची नव्हती. वेठबिगारीविरुद्धचा त्यांचा लढा गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली १९४५ ते १९४७ या काळात झाला. याच तालुक्यात कोसबाडच्या टेकडीवर गोखले एज्युकेशन सोसायटीने कृषी संस्था चालविली. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांचे ग्राम बाल शिक्षा केंद्रही बोर्डीहून तेथेच आले. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत, म्हणून या केंद्राने शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा हा बालशिक्षणाचा प्रयोग खरा. परंतु कृषी शिक्षणाच्या प्रशासनालाही त्यातून शिकण्यासारखे होते. शाळेचे वर्ष जूनमध्ये, म्हणजे ऐन पेरणीच्या दिवसांत सुरू होते. पुढे भातकापणी आटोपली की अनेक आदिवासी कुटुंबे वीटभट्ट्यांवर निघून जातात. अशा विद्यार्थ्यांचा हजेरीपट वर्षभर भरलेला कसा राहावा?

१९७४ मध्ये पुदुच्चेरी येथे देशातील पहिले कृषी विज्ञान केंद्र स्थापन झाले. त्याच दशकात कोसबाडलाही असे केंद्र मिळाले. प्रत्यक्ष कृतीतून, अल्प मुदतीचे आणि पदवीविरहित शिक्षण हे या योजनेचे सूत्र. त्यामुळे वेळापत्रक शेताच्या हंगामाप्रमाणे वाकविता आले आणि कचेरीचा मोहही आपोआप दूर राहिला. अडचण उरली ती जमिनीची. आंब्याचे वा चिकूचे कलम बांधण्याचे कौशल्य काही दिवसांत शिकविता येते, फळासाठी मात्र काही वर्षे थांबावे लागते. ज्याचे नाव सातबाऱ्यावर नाही त्याने ते कलम कोठे लावावे, हे ठरविणे कोणत्याही प्रशिक्षण केंद्राच्या अधिकारात नव्हते. वनजमीन कसणाऱ्या आदिवासींच्या हक्कांना मान्यता देणारा वनहक्क कायदा संमत होण्यास २००६ साल उजाडावे लागले.