बालसखीचे श्रेय आणि सरासरीची ओढ

2001 ते 2003 या काळात मुंबई आणि वडोदरा येथील महापालिका शाळांत ‘प्रथम’ संस्थेच्या बालसखी उपक्रमाचीच परीक्षा झाली. तिसरी-चौथीतील मागे पडलेली मुले रोज सुमारे दोन तास वर्गाबाहेर बसत. परिसरातलीच एखादी शिकलेली तरुणी त्यांच्याकडून वाचन व गणिताचे मूलभूत धडे गिरवून घेई. वर्षअखेरीस या मुलांचे गुण वाढले, तर ते श्रेय बालसखीचे मानावे काय?

येथे सांख्यिकीतला एक जुना चकवा आडवा येतो. 1886 साली फ्रान्सिस गाल्टन यांनी 928 प्रौढ अपत्यांची उंची आईवडिलांच्या उंचीशी ताडून पाहिली. अतिउंच जोडप्यांची अपत्ये उंच असली, तरी सरासरीच्या अधिक जवळ होती. अतिबुटक्यांच्या अपत्यांचेही तसेच. परीक्षेच्या गुणांत ज्ञानाचा वाटा असतो, तसाच त्या दिवशीच्या योगायोगाचाही: अंगात ताप, न उमगलेला प्रश्न, हुकलेला अंदाज. सर्वांत कमी गुणांची मुले निवडली, की ज्यांचा तो दिवस वाईट गेला अशी मुले त्यांत अधिक येतात. पुढील चाचणीत ती, काहीही न शिकवता, वर सरकतात.

अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डुफ्लो आणि ली लिंडन यांच्या अभ्यासात शाळांना बालसखी मिळाली, पण दोनपैकी एकाच इयत्तेसाठी. कोणत्या, हे यादृच्छिक निवडीने ठरले. त्यामुळे एका शाळेतील तिसरीची तुलना दुसऱ्या शाळेतील बालसखीविना शिकणाऱ्या तिसरीशी करता आली. सरासरीची ओढ दोहोंकडे सारखीच. वजाबाकीत ती नाहीशी होते आणि उरतो तो शिकवण्याचा परिणाम.

तरीही विश्लेषणात पाय घसरू शकतो. बालसखीकडे गेलेल्यांची तुलना त्याच वर्गात उरलेल्यांशी केली, तर चकवा मागील दाराने परत येतो, कारण निवडच कमी गुणांवरून झालेली असते. तुलना हवी ती नियंत्रण वर्गातील, तितकेच पूर्वगुण असलेल्या मुलांशी.

2007 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पहिल्या वर्षी सरासरी गुण 0.14, तर दुसऱ्या वर्षी 0.28 प्रमाणविचलनाने वाढले. सर्वाधिक लाभ मागे पडलेल्यांनाच झाला. उपक्रम संपल्यावर वर्षभराने लाभ 0.1 च्या आसपास उतरला. केवळ आधीचे आणि नंतरचे गुण पाहिले असते, तर बालसखीला न कमावलेले श्रेय मिळाले असते. आणि तिने खरोखर कमावलेले श्रेयही संशयात राहिले असते.