ऊन दारात, तरी बाळाच्या रक्तात कॅल्शियम कमी

सोलापूर जिल्ह्यात उन्हाची टंचाई आहे असं कुणी म्हटलं, तर आपण हसूच. उन्हाळ्यात इथे पारा चाळिशी ओलांडतो. तरीही, उन्हामुळे अंगात तयार होणारं 'ड' जीवनसत्त्व आपल्याकडच्या कितीतरी बाळंतिणींना आणि तान्ह्या बाळांना कमी पडतं. असं का होतं, ते समजून घ्यायला आज आपण शंभर वर्षं मागे जाऊ, तेही आपल्याच महाराष्ट्रात, नाशिकला.

हाडं मऊ पडून मुलांचे पाय वाकतात, त्या आजाराला आपण मुडदूस म्हणतो. इंग्लंडच्या धुरानं भरलेल्या शहरांत तो तेव्हा फार होता. जपानमध्ये राहून आलेले डॉ. थिओबाल्ड पाम यांनी देशोदेशीच्या मिशनरी डॉक्टरांना पत्रं पाठवून विचारलं, तुमच्याकडे मुडदूस दिसतो का? उत्तरं वाचून त्यांनी १८९० मध्ये लिहिलं की, जिथे ऊन भरपूर, तिथे हा आजार क्वचितच. तेव्हा फारसं कुणी ऐकलं नाही.

मग उन्हाच्या आपल्या देशात मुडदूस यायला नको होता. पण नाशिकमध्ये तो होता. डॉ. हचिसन आणि डॉ. शहा यांनी तिथली घरं तपासली आणि १९२२ मध्ये निष्कर्ष छापले. मुडदूस सापडला तो पडदा पाळणाऱ्या सधन हिंदू आणि मुसलमान घरांत. तिथे खायला-प्यायला कमी नव्हतं, पण आई आणि मूल दोघंही आत कोंडलेली. उलट, शेतात राबणाऱ्या गरीब बायकांचं ताट रिकामं, तरी त्यांच्या मुलांचे पाय सरळ. कारण आईबरोबर मूलही उन्हात.

त्याच काळात व्हिएन्ना शहरात डॉ. हॅरिएट चिक या शास्त्रज्ञ बाईंनी आपल्या सहकाऱ्यांसह दाखवून दिलं की, ऊन किंवा कॉड माशाच्या यकृताचं तेल, दोन्हींनी मुडदूस बरा होतो. १९२२ मध्येच अमेरिकेत मॅकॉलम यांनी त्या तेलातला गुण वेगळा ओळखला. त्यालाच पुढे 'ड' जीवनसत्त्व हे नाव मिळालं. खाल्लेलं कॅल्शियम रक्तात उतरायला तेच लागतं.

आता बाळाकडे येऊ. पोटात असताना बाळाला कॅल्शियम नाळेतून मिळतं. नाळ कापली की तो पुरवठा बंद. पहिल्या एक-दोन दिवसांत बाळाच्या रक्तातलं कॅल्शियम खाली जातं आणि बहुतेक बाळांचं आपोआप सावरतं. पण बाळाकडे 'ड' जीवनसत्त्व असतं ते आईकडून आलेलं, आणि तेही आईच्या पातळीच्या निम्म्याहून थोडंच जास्त. आईकडेच नसेल तर बाळाला कुठून मिळणार? अशा बाळाचं कॅल्शियम फार घसरलं तर हातपाय थरथरतात, आकडी येते. ही दृष्ट नव्हे, बाहेरची बाधाही नव्हे. आकडीची कारणं अनेक असतात, ती तपासल्याशिवाय कळत नाहीत. म्हणून अंगारा लावत बसू नका, बाळाला ताबडतोब दवाखान्यात न्या.

नाशिकचा तो पडदा आज वेगळ्या रूपात आहे. सोलापुरात हजारो बायका मांडीवर सूप घेऊन दिवसभर घरात विड्या वळतात. बाळंतीण सव्वा महिना अंधाऱ्या खोलीत असते. तेल चोळून बाळाला कोवळ्या उन्हात धरण्याची आपली रीत मायेची आहे, पण त्या उन्हात 'ड' जीवनसत्त्व फारसं तयार होत नाही. ते होतं ऊन वर आल्यावर, आपली सावली आपल्यापेक्षा आखूड पडते तेव्हा. तेव्हा गरोदर बाईनं सोसेल तेवढा वेळ हातपाय उघडे ठेवून अंगणात बसावं. तान्ह्या बाळाला मात्र त्या उन्हात ठेवू नये.

आईच्या दुधात 'ड' फार कमी असतं. तरी दूध सोडायचं नाही, बाळासाठी तेच उत्तम. बालरोगतज्ज्ञांचा सल्ला आहे की, पहिलं वर्षभर बाळाला रोज ४०० युनिट 'ड' थेंबांतून द्यावं. बाटलीगणिक थेंबांची ताकद वेगळी असते आणि जास्त झालं तर अपाय होतो, म्हणून किती थेंब द्यायचे ते डॉक्टरांनाच विचारा.

गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून ते बाळंतपणानंतर सहा महिने रोज दोन कॅल्शियमच्या गोळ्या द्याव्यात, असं सरकारी धोरण २०१४ पासून आहे. त्या गोळीत 'ड'ही असतं. लोहाची गोळी मात्र तिच्याबरोबर घेऊ नये, वेगळ्या वेळी घ्यावी. ताटात नाचणी, तीळ, दूध-दही असू द्या. आपल्या ज्वारीत कॅल्शियम थोडंच असतं.

येत्या बैठकीत बचतीचा हिशोब झाला की एवढं विचारा: आपल्या गटातल्या कोणत्या गरोदर बाईला या गोळ्या मिळाल्या नाहीत? आणि आशाताईंना गाठून त्या मिळवून द्या.