लामकान : कुलूप न लावलेलं घर

गोवळकोंड्याचा माल एकेकाळी मछलीपट्टणमच्या बंदरातून परदेशी जायचा. खुद्द हैदराबादला समुद्र कधी लाभला नाही. तेव्हा कोची-मुंबईसारखी बंदरावरची वखार कलेसाठी मोकळी करून देण्याची सोय या शहराला नव्हती. कोचीत अ‍ॅस्पिनवॉल कंपनीच्या मसाल्याच्या जुन्या वखारींत १२ डिसेंबर २०१२ रोजी पहिलं बिएनाले, म्हणजे द्वैवार्षिक कलाप्रदर्शन, सुरू झालं. ते उभारणारे बोस कृष्णमाचारी आणि रियास कोमू हे दोघेही आपल्या मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयाचे विद्यार्थी. २०१७ मध्ये मुंबईच्या ससून डॉकवर मासळीच्या वासासकट चित्रं लागली. दोन्हीकडे लोक लोटले आणि मुदत संपल्यावर पांगले. हैदराबादच्या वाट्याला आलं ते एक राहतं घर, पण ते रोजचं झालं.

हैदराबादचं बंजारा हिल्स म्हणजे मुळात खडकांचं रान. मेहदी नवाज जंग, म्हणजे पुढे गुजरातचे पहिले राज्यपाल झालेले, यांनी इथे खडक न फोडता त्यांच्याच आधाराने घर बांधलं होतं. नंतरच्या बिल्डरांना एवढा धीर नव्हता. माहितीपटकार मोईद हसन यांच्या घरामागचा भलामोठा खडक मात्र वाचला. हसन गेल्यावर अशहर फरहान, हुमेरा अहमद, बिजू मॅथ्यू आणि ‘हैदराबाद ब्लूज’ चित्रपटामुळे ओळखीच्या झालेल्या इलाही हिप्तूला यांनी ते घर विकायला न काढता २०१० मध्ये ‘लामकान’ या नावाने सर्वांसाठी खुलं केलं.

करायचं फार नव्हतं, आणि फार केलंही नाही. अंगणाचा रंगमंच झाला, खडक त्याची पाठभिंत. छत नाही, त्यामुळे पावसाचा भरवसा नाही. शेरोशायरी ऐन रंगात यावी आणि बाहेरून गाडीचा हॉर्न वाजावा, हे इथे चालायचंच. नाटक, मुशायरा, माहितीपट, व्याख्यान, सगळं याच अंगणात. तिकीट असलंच तर खिशाला झेपेल इतकं.

पण माझ्या मते ही जागा टिकली ती कँटीनमुळे. स्वस्त चहा आणि समोसा मिळतो, आणि कप रिकामा झाला म्हणून कुणी उठवत नाही. नाटकवाली पोरं संहिता वाचत बसलेली, शेजारच्या टेबलावर लॅपटॉप उघडून कुणी नवी कंपनी काढायच्या बेतात. रवींद्र भारतीसारख्या सभागृहात कार्यक्रम असेल तरच माणूस जातो. इथे कार्यक्रम नसतानाही येतो. आपल्या मराठी मंडळांना वास्तू बांधायची हौस दांडगी, पण गणेशोत्सव आणि वार्षिक सभा सोडून त्या वास्तूत चहा कुठे मिळतो?

फरहान हे हौशी रेडिओवाल्यांमध्ये जगभर ठाऊक असलेलं नाव. त्यांचा ‘बिटएक्स’ हा घरी जुळवता येणारा स्वस्त रेडिओ-संच. आराखडा सर्वांना खुला. लामकान चालवण्यातही तीच वृत्ती दिसते: कमी पैशांत उभं करा, दार लावू नका.

२०२० च्या टाळेबंदीत गर्दीवर जगणाऱ्या सगळ्याच जागांची कसोटी लागली. लामकान त्यातून तगलं. खरी धास्ती वेगळीच आहे. रोड नंबर एकवर, जवळच जीव्हीके वन मॉल उभा आहे आणि इथल्या जमिनीला सोन्याचा भाव आहे. असं अंगण राखणं ही आजवर एका कुटुंबाची आणि त्यांच्या मित्रांची मर्जी आहे. महापालिकेच्या आराखड्यात अशा जागेसाठी रकाना नाही.