परमवीरचक्राची रचना आणि सावित्रीबाई खानोलकर

पंधराव्या शतकात इटलीतील चित्रकार पिसानेल्लो याने पदकास स्वतंत्र कलाकृतीची प्रतिष्ठा मिळवून दिली. आपल्या पदकांवर तो स्वतःचे नाव अंकित करीत असे. त्यामुळे त्यांच्या कर्तृत्वाविषयी संशोधकास संदेह उरत नाही. शौर्यपदकांची गोष्ट निराळी आहे. ती राष्ट्राच्या नावे दिली जातात व त्यांवर रचनाकाराचे नाव नसते. परमवीरचक्र हे याचे ठळक उदाहरण होय.

या पदकाच्या रचनाकार सावित्रीबाई खानोलकर यांचा जन्म 1913 साली स्वित्झर्लंडमधील न्यूशातेल येथे झाला. पिता हंगेरियन व माता रशियन. मूळ नाव इव्ह इव्होन. 1932 साली लष्करी अधिकारी विक्रम खानोलकर यांच्याशी विवाह होऊन त्या या मराठी कुटुंबात आल्या. मराठी, हिंदी व संस्कृत या भाषा त्यांनी आत्मसात केल्या आणि पुढे महाराष्ट्रातील संतांवर इंग्रजीत ग्रंथही लिहिला. त्यांचा हा व्यासंग पाहूनच मेजर जनरल हिरालाल अटल यांनी स्वतंत्र भारताच्या सर्वोच्च युद्धशौर्यपदकाची रचना त्यांच्याकडे सोपविली. 26 जानेवारी 1950 रोजी हे पदक स्थापन झाले व 15 ऑगस्ट 1947 पासून ते लागू करण्यात आले.

1856 साली स्थापन झालेल्या व्हिक्टोरिया क्रॉसचा आकार क्रुसाचा. सावित्रीबाईंचे पदक कांस्याचे व वर्तुळाकार असून मध्यभागी राजमुद्रा आणि तिच्याभोवती इंद्राची चार वज्रे आहेत. वृत्राच्या वधासाठी दधीची ऋषींनी देहत्याग केला व त्यांच्या अस्थींपासून वज्र घडले, ही पुराणकथा ध्यानी घेता हे चिन्ह केवळ पराक्रमाचे नसून आत्मार्पणाचे आहे, हे स्पष्ट होते. 1999 पर्यंतच्या 21 मानकऱ्यांपैकी 14 जणांस हा सन्मान मरणोत्तर मिळाला. पहिले मानकरी मेजर सोमनाथ शर्मा हे सावित्रीबाईंच्या जावयाचे थोरले बंधू; ते 3 नोव्हेंबर 1947 रोजी बडगाम येथे धारातीर्थी पडले.

या पदकावर शिवछत्रपतींची भवानी तलवारही कोरलेली आहे, असे विधान पुष्कळ ठिकाणी आढळते. मराठी वाचकास ते प्रिय वाटावे, हे स्वाभाविक आहे. परंतु पदकाच्या अधिकृत वर्णनात वज्र, राजमुद्रा व मागील बाजूची दोन कमलपुष्पे यांचाच निर्देश आहे, तलवारीचा नाही. तेव्हा हे विधान प्रमाण मानता येत नाही.

सावित्रीबाई 1990 साली निवर्तल्या. त्यांच्या कर्तृत्वाची योग्य नोंद घेणे हे इतिहासाच्या अभ्यासकाचे कर्तव्य आहेच. परंतु त्यांनी जे योजिले नाही ते त्यांच्या नावावर न घालणे, हाही त्याच कर्तव्याचा भाग आहे.